नाव न दिलेली डिस्क

मला राग चटकन येतो आणि लाज फार उशिरा. हा मजकूर लाजेचा आहे, म्हणून तो लिहायला एवढी वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बारामतीत एक खोली घेऊन राहायचो आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो. मोटरसायकलच्या डिकीत दोन स्क्रू ड्रायव्हर, एक ब्रश आणि प्लास्टिकच्या डबीत जपलेली एक फ्लॉपी, एवढ्या भांडवलावर माझा भिगवण, अंथुर्णे, इंदापूर असा फेरा चालायचा. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती धरली, आणि मी पेट्या उघडून बसलो. मी पेटी उघडली की माणसं जरा मागं सरकून उभी राहायची. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या मागं सरकण्यासाठीच मी कधीकधी गरज नसताना पेटी उघडायचो.

प्रत्येक गिऱ्हाइकाकडं माझी एकच पद्धत होती. हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे. पहिला भाग सी, त्यात मशीन चालवणारी सगळी सामग्री. दुसरा भाग डी, त्यात गिऱ्हाइकाचं काम. मग पेटीवर हात ठेवून सांगायचं, "तुमचं सगळं डीमध्ये आहे. सीला काही झालं तरी डीला धक्का नाही." डिस्क कोरी करून तयार झाली की मशीन शेवटी एक प्रश्न विचारायचं: या डिस्कला काय नाव द्यायचं? अकरा अक्षरांपर्यंत नाव टाईप करा, नको असेल तर नुसतं एंटर दाबा. मी एंटर दाबायचो. डी म्हणजे डी, तिला आणखी नाव कशाला, असं माझं मत होतं, आणि त्या वयात माझी मतं फार पक्की होती.

इंदापुरात एका ताईंचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं अशी कामं. ताई कामाला वाघ आणि बोलायला त्याहून तिखट. मशीन मीच बसवून दिलेलं. तिथंच मला तात्या भेटले.

तात्या म्हणजे निवृत्त पोस्टमन. भिगवणच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यात जी गावं गेली, त्यातल्या एका गावात त्यांनी टपाल वाटलेलं, आणि गाव उठल्यावर नव्या गावठाणातही त्यांनीच वाटलेलं. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, चालताना उजवा खांदा खाली, कारण जन्मभर पिशवी त्याच खांद्याला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम काढलं होतं. बुडालेल्या गावातलं एकूण एक घर लिहून काढायचं. कोणत्या आळीत कोणतं घर, त्यात कोण कोण राहायचं, दारात कसलं झाड होतं, गाव उठल्यावर ती माणसं कुठं गेली. तात्या बाहेरगावच्या पावण्यासारखे एकेका म्हाताऱ्याकडं जाऊन बसायचे, पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घ्यायचे आणि दर बुधवारी एसटीनं इंदापूरला येऊन ताईंना कागद द्यायचे. ताई टाईप करायच्या. तात्या शेजारच्या स्टुलावर बसून वाचून दाखवायचे. मी त्या वेळी तिथं असलो की ते मला "इंजिनेर" म्हणायचे. मी इंजिनिअर नव्हतो. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

एका बुधवारी त्यांनी मला विचारलं, "इंजिनेर, हे टाइप झालं म्हंजी कागदाचं काय करायचं? घरात ढीग लागलाय. म्हातारी रोज कावती."

"टाकून द्या की तात्या," मी म्हणालो. "आता सगळं डीमध्ये आहे. कागदाला वाळवी लागते, डीला लागत नाही."

ते हसले, आणि पुढच्या बुधवारी सांगितलं की निम्मा गाव बंबात गेला, म्हातारीनं दोन दिवस आंघोळीचं पाणी त्याच्यावर तापवलं. मीही हसलो. पुढचे कागदही टाईप झाले की बंबातच गेले. पहिल्या दोन आळ्यांची पानं ताईंनी छापून दिली होती. बाकीचं सगळं पूर्ण झाल्यावर एकदम छापायचं ठरलं होतं, म्हणून ते फक्त मशीनमध्ये होतं.

त्याच सुमारास तात्यांनी त्या पत्राची गोष्ट सांगितली. दुपारी वीज गेली होती, आणि ताई, तात्या आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. जुन्या गावात तात्यांना पत्त्याची गरजच पडायची नाही. शिंप्याच्या पलीकडचं तिसरं घर म्हटलं की पाय आपोआप तिथं जायचे. गाव उठला, नव्या गावठाणात चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या, आणि कुणाचं घर कुणाच्या शेजारी आलं याला काही ताळ राहिला नाही. शिंपी मात्र नेमका पहिल्यासारखाच कोपऱ्यावर आला. पहिल्याच आठवड्यात कोपरा फाडलेलं एक कार्ड आलं. कोपरा फाडलेलं म्हणजे कुणीतरी गेल्याचं, हे त्या काळी न वाचणाऱ्यालाही कळायचं. तात्यांचे पाय सवयीनं शिंप्याच्या पलीकडच्या तिसऱ्या घराकडं गेले. कार्ड दिलं आणि ते पुढं गेले.

"त्या घरात कुणालाच वाचाय येत नव्हतं," तात्या म्हणाले. "त्यांची लेक दिली हुती करमाळ्याकडं, बाळतपणाला टेकलेली. त्यांना वाटलं तीच गेली. सांज हुईस्तवर ती बाई रडत हुती. आन् पोर तिकडं धडधाकट."

"मग?" ताईंनी विचारलं.

"मग काय. संध्याकाळी माज्या ध्यानात आलं. गेलो. जोत्यावर न्हाय, खाली मातीत बसलो. म्हणलं, माजी चूक झाली. तुमची पोर जित्ती हाय, हे कार्ड दुसऱ्याचं हाय. बाईनं मला दोन शिव्या दिल्या आन् मग च्या दिला. तवापासनं एक नेम केला. कितीबी वळखीचं घर असू दे, नाव इचारल्याबिगर हातात पत्र द्यायचं न्हाय. जागा बदलती, इंजिनेर. माणसाचं नाव बदलत न्हाय."

मी मान हलवली. गोष्ट मला आवडली होती. ती माझ्या धंद्याची आहे, हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

काम वाढलं तशी जागा कमी पडायला लागली. शिवाय तात्यांच्या मनात एक भीती बसली होती, की एवढं सगळं एकाच पेटीत आहे, त्याची दुसरी प्रत कुठंतरी असावी. मीच सुचवलं की एक दुसरी डिस्क बसवू, तिच्यावर प्रत ठेवू. माझ्याकडं एका बंद पडलेल्या मशीनमधली चांगली डिस्क होती. एका मंगळवारी सकाळी ती घेऊन इंदापूरला गेलो.

आता इथं थोडं समजावून सांगावं लागेल. आम्ही ज्यांना सी, डी, ई म्हणत होतो ती डिस्कची नावं नव्हती. मशीन सुरू होताना त्याला जे भाग सापडतील त्यांना ते ओळीनं अक्षरं वाटायचं, आणि ती ओळ लावायची त्याची स्वतःची रीत होती. आधी प्रत्येक डिस्कवरचा मुख्य भाग, मग उरलेले दुय्यम भाग. जोवर एकच डिस्क होती तोवर मुख्य भागाला सी आणि दुय्यम भागाला डी मिळत होतं. दुसरी डिस्क आत आली की तिचा मुख्य भाग रांगेत मधे घुसून डी व्हायचा, आणि गिऱ्हाइकाचं काम असलेला जुना भाग एक पायरी मागं सरकून ई. डिस्क जागची हललेली नसायची, आतलं अक्षर न् अक्षर तसंच असायचं. तिला हाक मारायचं अक्षर फक्त दुसऱ्याला गेलेलं असायचं.

हे मी वाचलेलं होतं. हे मला येत होतं. अज्ञानानं झालं असतं तर आज मान एवढी खाली गेली नसती. त्या दिवशी मला बारामतीला परत जायची घाई होती, कारण दुपारी माझ्यासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम होता, आणि स्वच्छ शर्ट पिशवीत घडी करून आणला होता.

मी डिस्क जोडली, मशीन सुरू केलं. पडद्यावर सी, डी, ई अशी तीन चित्रं आली, तिन्हींखाली नुसती अक्षरं. जुन्या भागाला मी कधी नाव दिलं असतं, नुसतं तात्या एवढं जरी टाईप केलं असतं, तर ते तिथं ईच्या शेजारी दिसलं असतं. मी मनाशी म्हणालो, डी तर आपली जुनीच, म्हणजे नवी आली ती ई. नव्या डिस्कवर जुन्या मशीनचा कचरा होता, तो पुसायला हवा होता. ई कोरी करायचा हुकूम दिला. मशीननं विचारलं, या डिस्कवरचं सगळं जाईल, नक्की करायचं का? मी वाय, म्हणजे 'येस'चं, बटण दाबलं. डिस्क केवढी आहे याचा आकडा पडद्यावर आला होता. नव्या डिस्कचा आकडा मला पाठ होता आणि हा त्याहून बराच कमी होता. मी तो पाहिला नाही. मी ताईंना विचारत होतो की शर्टाला इस्त्री करून मिळेल का.

कोरी करून झाल्यावर मशीननं तोच नेहमीचा प्रश्न विचारला. नाव काय? मी एंटर दाबला.

मग डिस्क नीट चालते का हे बघायला सीडीवरची फुलं, गणपती, कलश, तोरणं अशी लग्नपत्रिकेची शेकडो चित्रं तिच्यावर ओतली. तात्यांच्या खालच्या आळीवर, कुंभारांच्या घरांवर, त्यांच्या दारातल्या लिंबांवर. नुसती कोरी केलेली डिस्क कधीकधी परत मिळवता येते. मी ती वाटही स्वतःच्या हातानं बुजवली.

ताईंनी तात्यांची फाईल उघडायला डीवर क्लिक केलं. तिथं भलत्याच मशीनचा कचरा होता. ईमध्ये कलश आणि तोरणं. पुढचा तासभर मी खटपट केली, पण पहिल्या मिनिटालाच मला सगळं कळलं होतं. उरलेला वेळ मी ताईंना काय सांगायचं ते जुळवत होतो.

"व्हायरस आहे," मी म्हणालो.

त्या काळात हा शब्द फार उपयोगाचा होता. तो म्हटला की पुढं कुणी काही विचारायचं नाही. ताईंनी कपाळाला हात लावला. मी उशीर होतोय म्हणून निघालो, बारामतीला पोचलो, शर्ट बदलला आणि पोहे खाल्ले. मुलीकडच्यांनी विचारलं, काय करता? मी म्हणालो, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. ते लग्न जमलं नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मला इंदापूरला जायचं काही कारण नव्हतं, पण ताईंनी फोन करून बोलावून घेतलं. तात्यांना तूच सांग, मला जमायचं नाही, असं म्हणाल्या. तात्या नवे कागद घेऊन स्टुलावर बसले होते. मी सांगितलं. व्हायरस कसा असतो, कसा न दिसता शिरतो, सगळं खाऊन टाकतो. मग त्यांनी विचारलं, "आला कुठनं त्यो?"

"फ्लॉपीतून येतो," मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच मी ते निवडलं. कारण आठवड्यापूर्वी तात्यांनी एक फ्लॉपी आणली होती, पुण्याला गेलेल्या घरांची यादी त्यांच्या पुतण्यानं त्यावर टाईप करून दिली होती, आणि ताईंनी ती याच मशीनमध्ये घातली होती. मला ते ठाऊक होतं. तात्यांनी हातातले कागद मांडीवर ठेवले.

"म्हंजी माज्यामुळं झालं म्हणायचं."

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "तसं काही नक्की सांगता येत नाही, तात्या."

त्यांनी ताईंना हात जोडले. "ताई, तुमच्या मशीनची नासाडी केली मी. अडाणी माणसानं इथं हात लावायलाच नगं हुता." ताई रडायला लागल्या. मी पेटीचे स्क्रू घट्ट करत बसलो. ते आधीच घट्ट होते.

तात्यांनी काम पुन्हा पहिल्यापासून धरलं. दोन आळ्यांची पानं होती, बाकीच्यासाठी परत त्याच ओट्यांवर जाऊन बसायचं. या खेपेला कागद त्यांनी टाकले नाहीत, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. मी माझ्या परीनं भरपाई करत होतो, म्हणजे असं मी स्वतःला सांगत होतो. फुकट फेऱ्या मारल्या, प्रत्येक आळीच्या तीन प्रती काढल्या, भिगवणपासून अंथुर्ण्यापर्यंत माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डिस्कला नाव दिलं. आत मशीनमध्ये दिलं आणि बाहेर डिस्कच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून पेननं लिहिलं. माणसं म्हणायची, पोरगा कामाला चोख झाला. ते ऐकताना कान तापायचे, तरी मी ऐकून घ्यायचो.

खालच्या आळीची सगळी माहिती एका म्हातारीकडून आली होती. कुंभारांची चार घरं तिच्याशिवाय कुणाला नीट सांगता येत नव्हती. तात्या दुसऱ्यांदा तिच्याकडं गेले तेव्हा तिची वाचा गेली होती, आणि उन्हाळ्यात ती गेली. त्या चार घरांपुढं तात्यांनी लिहिलं, नावं मिळाली नाहीत.

सव्वा वर्षानं पुस्तक छापून झालं. पातळ, निळ्या पुठ्ठ्याचं. छापण्याआधी पानं शेवटची बघायला ताईंनी माझ्याकडं दिली होती. दोन शब्द या मथळ्याखाली तात्यांनी लिहिलं होतं, की आधी तयार झालेला सगळा मजकूर माझ्या अजाणतेपणामुळं नष्ट झाला, काही घरं त्यामुळं राहून गेली, गावानं मला माफ करावं. मी ते वाचलं. वरचा समास थोडा वाकडा आला होता, तो सरळ केला आणि पानं परत दिली.

नव्या गावठाणातल्या शाळेत, एका सकाळी, त्यांनी पुस्तकं वाटली. पन्नास-साठ माणसं असतील. नारळ फुटला, चहा झाला. तात्या टेबलाशी उभे राहून एकेक पुस्तक देत होते, आणि त्यांच्या नेमाप्रमाणं प्रत्येकाला, सख्ख्या शेजाऱ्यालासुद्धा, आधी नाव विचारत होते. माणसं हसत होती, नाव सांगत होती, पुस्तक घेत होती, आणि जागच्या जागी आपलं घर शोधत होती. ज्याला वाचता येत नव्हतं तो नातवाकडून वाचून घेत होता.

एक म्हातारा कुंभार पुस्तक घेऊन परत टेबलापाशी आला. पान उघडून त्यानं बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय? नातू म्हंतो, नावं न्हाईत. आमी गावात नव्हतो व्हय, तात्या? तुमी आमच्या दारात पाणी प्यालाय."

मी टेबलापासून पाच पावलांवर होतो, हातात चहाचा ग्लास. तात्या टेबलाला वळसा घालून पुढं आले आणि त्या म्हाताऱ्यासमोर खाली फरशीवर बसले. "माजी चूक हाय," ते म्हणाले. "लिवलं हुतं तुमचं घर. बाप, चुलता, समदी नावं हुती, दारातला लिंब हुता. माज्या हातनं गेलं. आता तुमाला जेवढं आठवतंय तेवढं सांगा, मी लिवून घेतो." आणि खिशातून पेन काढून ते पुस्तकाच्याच कडेला लिहायला लागले. म्हाताऱ्याला बापाचं आणि चुलत्याचं नाव सांगता आलं. त्यापुढं तो थांबला. गाव उठायच्या बऱ्याच आधी तो कामासाठी बाहेरगावी गेला होता, आणि तात्यांनाही तो त्या दिवशीच सापडला होता.

माझा चहा गार झाला. तोंड उघडावं असं मला वाटलं. पन्नास माणसं होती. मला सगळे इंजिनिअर म्हणत होते. मी उघडलं नाही.

शेवटी माझा नंबर आला. तात्यांनी मान वर करून विचारलं, "नाव काय?" तीन वर्षांची ओळख. मी नाव सांगितलं. त्यांनी पहिल्या पानावर सावकाश, टपालाच्या वळणदार अक्षरात ते लिहिलं, खाली आणखी काही लिहिलं, आणि पुस्तक मिटून दिलं. मी ते फाट्यावर गाडी थांबवून उघडलं. माझ्या नावाखाली एकच ओळ होती: माझ्यामुळं तुम्हाला फार तरास झाला, त्याबद्दल क्षमा असावी.

तात्या पुढं आठ वर्षं होते. भिगवणला जाताना त्यांच्या गावचा फाटा लागायचा. मी दर वेळी गाडी हळू करायचो, आणि पुढं जायचो.